सायनोटाइपचा कागद: आधी खडू काढावा, मग खळ द्यावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: शंभर टक्के सुती, चांगल्या प्रतीच्या जलरंगाच्या कागदावर सायनोटाइप (लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर अतिनील प्रकाशाने उमटणारे निळे छायाचित्र) छापताना धुण्याच्या पाण्यात निळा रंग ओसरतो, उजळ भागांत पिवळट डाग राहतात आणि जो निळा टिकतो तोही पुढे फिकट, करडा दिसू लागतो. यावर कागदाला जिलेटिनची खळ, म्हणजे कागदाचे शोषण कमी करणारा थर, द्यावी असा सल्ला आपल्याला मिळाला, आपण ती दिली, तरी फारसा फरक पडला नाही. तेव्हा खळ कशाची द्यावी, किती दाट द्यावी आणि ती पक्की करण्यासाठी तिच्यात काही मिसळावे का, असे आपण विचारले आहे.

खळीविषयी मी पुढे सविस्तर लिहितोच. पण ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसतात तेव्हा पहिला संशय खळीवर नव्हे, तर कागदात मिसळलेल्या खडूवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर घ्यावा. सायनोटाइपचा निळा म्हणजे प्रशियन ब्लू. फेरिक अमोनियम सायट्रेटमधील फेरिक लोहाचे अतिनील किरणांमुळे फेरस लोह होते आणि ते पोटॅशियम फेरिसायनाइडशी संयोग पावून हे अविद्राव्य निळे रंगद्रव्य तयार होते. हे रंगद्रव्य सौम्य आम्ल बिनतक्रार सोसते. अल्क मात्र त्याला मुळीच सोसत नाही, आणि खडू अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी वातावरणात त्याचे विघटन होते, फेरोसायनाइडचा भाग पाण्यात विरघळून निघून जातो आणि लोह पिवळट-तपकिरी हायड्रॉक्साइडच्या रूपात तंतूंमध्ये अडकून बसते. म्हणजे आपल्याला दिसणारे निळ्याचे ओसरणे आणि पिवळे डाग या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच क्रियेची दोन अंगे आहेत. अशा कागदावर जिलेटिनचा थर दिल्याने द्रावण पृष्ठभागाजवळ थोडे अधिक थांबते, एवढेच. खालचा खडू जागच्या जागी असतो आणि जिलेटिन ओले होऊन फुगले की तो आपले काम सुरू करतो.

चांगल्या कागदात हा खडू असतोच कशासाठी, हेही समजून घ्यावे, म्हणजे कागदाच्या किमतीवरून त्याची योग्यता ठरवण्याचा मोह होणार नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही प्रक्रिया शोधली तेव्हाचे उत्तम कागद चिंध्यांच्या लगद्याचे आणि जिलेटिनच्या खळीचे असत. त्यामुळे जुन्या कृतींत कागदाला आम्ल देण्याचा उल्लेख सहसा सापडत नाही, कारण त्याची गरजच नव्हती. पुढे लाकडाच्या लगद्याचे, राळ आणि तुरटी घातलेले आम्लधर्मी कागद आले, ते काही दशकांत पिवळे पडून तुटू लागले आणि त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टिकाऊ कागदात मुद्दाम अल्कधर्मी साठा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आयएसओ ९७०६ हे १९९४ सालचे मानक टिकाऊ कागदात निदान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा असावा असे सांगते. ज्या गुणामुळे कागद ‘अभिलेखीय दर्जाचा’ ठरतो तोच गुण आपल्या कामाच्या आड येतो, आणि म्हणून महागडा जलरंग-कागद सायनोटाइपला साध्या कागदाहून वाईट ठरल्याचे उदाहरण दुर्मीळ नाही.

म्हणून काहीही लावण्याआधी कागदाची परीक्षा घ्यावी. तिला फार वेळ लागत नाही आणि पुढचा बराच अंदाजपंचे खटाटोप त्यामुळे वाचतो. कागदाच्या कडेची दोन बोटे रुंदीची पट्टी कापून घ्या, टेबलावरचा दिवा एका बाजूने इतका खाली आणा की प्रकाश पट्टीवर तिरका पडेल, आणि दहा टक्के सल्फॅमिक आम्लाचा एक थेंब पट्टीवर सोडून भिंगातून पाहा. खडू असेल तर थेंबाच्या कडेने आणि तळाशी बारीक बुडबुड्यांची रांग उठते. कधी ती इतकी जोरदार असते की भिंगाची गरज पडत नाही, तर कधी कागदाची खळ कडक असल्यामुळे अर्धा-एक मिनिट काहीच घडत नाही आणि मग बुडबुडे दिसू लागतात. त्यामुळे घाईने ‘खडू नाही’ असा निकाल देऊ नये. पट्टी मध्ये फाडून तिच्या फाटलेल्या, तंतू मोकळ्या झालेल्या कडेवर दुसरा थेंब टाकावा. पृष्ठभागावर गप्प बसणारे कागद फाटलेल्या कडेवर हमखास बोलतात.

दुसरी परीक्षा शोषणाची. साध्या पाण्याचा थेंब कागदावर ठेवून पाहावे. तो ठेवताक्षणी टीपकागदावर पसरावा तसा पसरला तर कागदाला खळ जवळजवळ नाही. काही मिनिटे तो घुमटासारखा उभा राहिला आणि खालचा कागद कोरडाच राहिला तर खळ फार कडक आहे. आपल्याला मधली अवस्था हवी असते: थेंब आपला आकार काही वेळ राखतो, पण तोवर त्याच्याखालचा कागद ओलसर झालेला असतो. खळ स्टार्चची आहे की नाही हे कळण्यासाठी आयोडीनचा सौम्य थेंब पुरतो; निळा-काळा डाग उठला तर स्टार्च आहे. सायनोटाइपच्या दृष्टीने या माहितीचा उपयोग मर्यादित असला तरी पुढे त्याच कागदावर निराळी खळ चढवायची असेल तर ती ठाऊक असलेली बरी.

तिसरी परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात, कारण तिला एक रात्र लागते. पट्टीवर संवेदी द्रावणाचा, म्हणजे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि फेरिसायनाइडच्या मिश्रणाचा, लेप द्यावा, ती पूर्ण अंधारात वाळू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी मंद पिवळ्या दिव्यात पाहावी. लेप पिवळसर-हिरवट राहिला असेल आणि न उजळता, म्हणजे अतिनील प्रकाश न दाखवता, थेट पाण्यात धुतल्यावर कागद पुन्हा स्वच्छ पांढरा होत असेल, तर कागद कामाचा आहे. लेप अंधारातच निळसर झाला असेल तर कागदात किंवा त्याच्या खळीत लोहाचे क्षपण करणारी द्रव्ये आहेत. लेपात निळे ठिपके उठले असतील तर लोखंडाचे सूक्ष्म कण आहेत. आणि धुतल्यानंतर पिवळी झाक मागे राहिली तर खडू शिल्लक आहे किंवा द्रावण फार खोल झिरपले आहे. यांपैकी पहिल्या दोन दोषांवर घरगुती उपाय नाही. असा कागद रेखाटनासाठी ठेवून द्यावा आणि दुसरा आणावा.

आता खडू काढण्याविषयी. मी सल्फॅमिक आम्ल पसंत करतो आणि त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे. हे आम्ल पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळते, मोजायला आणि साठवायला सोपे असते, त्याला वास नसतो, आणि मुख्य म्हणजे खडूशी त्याची क्रिया होऊन तयार होणारे कॅल्शियम सल्फॅमेट पाण्यात सहज विरघळते. म्हणजे ते कागदातून खरोखर बाहेर पडते. सायट्रिक आम्ल अधिक सुलभ आणि हाताळायला सौम्य आहे, परंतु कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फार कमी विरघळते, त्यामुळे जड, खडूने भरलेल्या कागदात त्याचा काही भाग मागे राहतो. कमी खडूच्या कागदाला ते चालते, आणि दुसरे काही उपलब्ध नसेल तर तीन ते पाच टक्क्यांच्या द्रावणात कागद जास्त वेळ ठेवून, मध्येच एकदा द्रावण बदलून काम भागवता येते. बिनरंगी व्हिनेगरही चालते, मात्र त्याची क्रिया संथ असते आणि खोलीभर वास दरवळतो. ऑक्झॅलिक आम्लाची शिफारस मी करत नाही: ते विषारी आहे, आणि त्यातून तयार होणारे कॅल्शियम ऑक्झलेट जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे तंतूंमध्येच राहते. हायड्रोक्लोरिक आम्ल एक-दोन टक्क्यांच्या प्रमाणात खडू झपाट्याने काढते हे खरे. पण त्याची वाफ, हाताळण्यातला धोका आणि नीट न धुतल्यास तंतूंना होणारी इजा पाहता घरातल्या कामासाठी ते नको.

आम्ल किती लागते याचा हिशोब एकदा कागदावर मांडला की ट्रेमधले द्रावण केव्हा थकते हे आपोआप कळते. ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा पूर्ण ताव सुमारे १२८ ग्रॅम भरतो. त्यात दोन ते तीन टक्के खडू धरला तर तो अडीच ते चार ग्रॅम होतो. एक ग्रॅम खडू संपवण्यासाठी जवळजवळ दोन ग्रॅम सल्फॅमिक आम्ल लागते, म्हणजे एका तावाला पाच ते आठ ग्रॅम. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम आम्ल घातले, म्हणजे पाच टक्क्यांचे द्रावण केले, तर हिशोबाने सहा ते दहा ताव निघावेत. प्रत्यक्षात शेवटचे ताव फार हळू चालतात, म्हणून मी त्याच्या निम्म्यावर थांबून नवे द्रावण करतो. लहान तुकड्यांचे काम असेल तर हाच हिशोब वजनावरून करावा. द्रावण अजून जिवंत आहे का याची शंका आली तर त्याच कागदाची कोरडी, ताजी पट्टी त्यात बुडवावी. ती फसफसली नाही तर द्रावण ओतून द्यावे.

कागद ट्रेमध्ये सोडताना तो कडेने आत सरकवावा, म्हणजे खाली हवेचा फुगा अडकत नाही. पहिल्या काही मिनिटांत पृष्ठभाग बारीक बुडबुड्यांनी झाकला जातो, आणि हे बुडबुडे तसेच राहू दिले तर त्यांच्याखालचा कागद आम्लापासून वंचित राहतो. म्हणून ट्रे अधूनमधून हलवावा आणि ताव दोन-तीनदा उलटावा. पृष्ठभागावर हात किंवा ब्रश फिरवून बुडबुडे पुसू नयेत, कारण ओल्या अवस्थेत तंतू उठतात आणि तो खरखरीतपणा छापलेल्या चित्रात गडद ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. फसफसणे थांबल्यावरही दहा-पंधरा मिनिटे कागद आत राहू द्यावा. जाड कागदाला एकूण अर्धा ते एक तास लागतो. नंतर तीन पाण्यांतून धुऊन काढावे. इथे एक बारकावा आहे, ज्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते: आपल्या नळाचे पाणी जड असेल तर त्यातील बायकार्बोनेट कागद वाळताना पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात तंतूंवर बसते, म्हणजे काढलेला खडू थोड्या प्रमाणात आपणच परत घालतो. म्हणून शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे, किंवा निदान त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल असावे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हे आम्ल किंवा त्याचे उरलेले द्रावण ब्लीचच्या संपर्कात कधीही येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. स्नानगृहाच्या सफाईसाठी याच आम्लाची रंग-सुगंध मिसळलेली पूड मिळते. तीही कागदासाठी वापरू नये.

संवेदी द्रावणातच थोडे सायट्रिक आम्ल मिसळून हा सारा व्याप टाळावा, असा एक सोपा मार्ग सुचवला जातो. किंचित खडू असलेल्या कागदाला तो पुरतो, आणि मिसळलेल्या द्रावणात एक-दोन टक्क्यांपर्यंत सायट्रिक आम्ल घातल्याने छापात बिघाड होत नाही. मात्र वर केलेल्या हिशोबाकडे पाहिल्यास लक्षात येईल की कागदातील ग्रॅमवारी खडूपुढे लेपातले हे मिलिग्रॅमवारी आम्ल फार काळ टिकणारे नाही. छाप त्या दिवशी सुंदर दिसतो आणि पुढे, दमट हवेत, आतला खडू वर येणाऱ्या ओलाव्याबरोबर निळ्यापर्यंत पोहोचतो. आपला उरलेला निळा नंतर करडा पडतो त्याचे कारण बहुधा हेच असावे. सायट्रिकचा तीव्र डोस किंवा एखादे तीव्र आम्ल द्रावणात घालण्याच्या फंदात मात्र पडू नये. फेरिसायनाइड आणि तीव्र आम्ल, त्यात उष्णता, हे मिश्रण धोक्याचे आहे.

मायकेल वेअर यांच्या नव्या सायनोटाइपच्या कृतीने, म्हणजे फेरिक अमोनियम ऑक्झलेट वापरून, काम करणाऱ्यांनी तर खडूच्या बाबतीत अधिकच कडक राहावे, कारण तिथे ऑक्झलेट आणि खडू यांच्या संयोगातून अविद्राव्य कॅल्शियम ऑक्झलेट लेपातच तयार होते. मुळातच खडू नसलेले कागदही मिळतात. आर्श प्लाटीन, हानेम्युले प्लॅटिनम रॅग आणि बर्गर सीओटी ३२० ही त्यांची परिचित नावे. प्लॅटिनम छपाईसाठी बनवलेल्या या कागदांना आम्लही लागत नाही आणि खळही. ज्याला कागद तयार करण्यात रस नाही, फक्त छापण्यात आहे, त्याने सरळ त्यांच्याकडे वळावे. त्यात कमीपणा काही नाही.

आता खळीचा प्रश्न. खळीचे काम एकच: द्रावण कागदाच्या वरच्या थरात रोखून धरणे. खळ कमी असेल तर द्रावण खोल झिरपते, गडद भाग मऊ आणि धुरकट दिसतात, आणि खोलवर गेलेले न उजळलेले लोह धुऊन काढणे अवघड झाल्याने उजळ भाग पिवळे राहतात. खळ जास्त झाली तर द्रावण वरच तरंगते, वाळताना डबक्यांसारखे साचते, आणि तयार झालेल्या निळ्याला धरायला तंतूच नसल्यामुळे तो पहिल्याच पाण्यात ढगासारखा वाहून जातो. निळा वाहून जाण्याला त्यामुळे दोन कारणे संभवतात, आणि त्यांत फरक करता येतो: वाहणाऱ्या निळ्याखाली कागद स्वच्छ पांढरा निघाला तर खळ किंवा लेप जास्त आहे, पिवळसर निघाला तर खडू आहे. पिवळ्या डागावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचा थेंब ठेवून तो फिका पडतो का हे पाहिले की निदान आणखी पक्के होते.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जलरंग-कागदांना कारखान्यातच पुरेशी खळ असते. काहींत ती लगद्यातच मिसळलेली असते, तर काहींत वरून जिलेटिन दिलेले असते. लगद्यातली खळ आम्लात सहसा टिकते. वरचे जिलेटिन थंड द्रावणात फुगते आणि त्यातले थोडे धुऊन जाते, त्यामुळे आधी उत्तम वागणारा कागद आम्लानंतर टीपकागदासारखा वागू लागतो. म्हणून आम्लाची पायरी झाल्यावर, कागद पूर्ण वाळवून, पाण्याच्या थेंबाची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि मगच खळ द्यायची की नाही ते ठरवावे. क्रम उलटा केला, म्हणजे आधी खळ आणि मग आम्ल, तर बुडबुडे खळीचा थर आतून उचलतात आणि केलेले काम वाया जाते. आपण जिलेटिन दिलेल्या तावांना आता आम्ल द्यायचे ठरवले तर खळ पुन्हा द्यावी लागेल, हे गृहीत धरावे.

खळीसाठी जिलेटिन माझ्या मते अजूनही सर्वांत समाधानकारक आहे. खाद्य दर्जाचे, दोनशे ते अडीचशे ब्लूमचे (ब्लूम हे जिलेटिनच्या घट्टपणाचे माप) जिलेटिन घ्यावे. सायनोटाइपला दोन टक्के, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, बहुधा पुरतात. फार शोषक हातकागदाला तीन टक्के. जिलेटिन आधी पाव लिटर थंड पाण्यात अर्धा तास भिजू द्यावे, मग उरलेले गरम पाणी घालून सगळे ५० अंश सेल्सियसच्या आसपास ढवळत विरघळवावे. उकळू देऊ नये. उकळल्याने त्याची गोठण्याची शक्ती कमी होते. द्रावण ४० ते ४५ अंशांवर स्थिर ठेवून त्यावरचा फेस कागदाच्या पट्टीने ओढून काढावा, ताव त्यात दोन-तीन मिनिटे बुडवावा आणि बाहेर काढताना काचेच्या दांडीवरून हळू ओढावा, म्हणजे जादा द्रावण निथळते आणि रेघा राहत नाहीत. एका कोपऱ्याने टांगून वाळवल्यास खालच्या कोपऱ्यात थर जाड होतो, म्हणून दुसरा हात देणार असाल तर ताव उलट टांगावा. मी दोन टक्क्यांचा एकच जाड हात देण्यापेक्षा दीड टक्क्याचे दोन पातळ हात देणे पसंत करतो. वेळ दुप्पट लागतो, पण लेप अधिक एकसारखा बसतो. ब्रशने द्यायचे झाल्यास एक हात आडवा व दुसरा उभा द्यावा, आणि द्रावण थंड होऊन ब्रशला ओढ जाणवू लागली की थांबून ते पुन्हा गरम करावे. गोठत चाललेले जिलेटिन ओढत राहिले की त्याच्या धारा वाळल्यावर दिसत नाहीत, संवेदी द्रावण लावल्यावर मात्र एकेक स्पष्ट दिसते.

पक्के करण्याविषयी आपण विचारले आहे. निव्वळ सायनोटाइपसाठी, जिथे सारे धुणे थंड पाण्यात होते, जिलेटिन पक्के करण्याची गरज नाही. थंड पाण्यात ते फुगते, विरघळत नाही. नंतर छाप कोमट चहाच्या किंवा टॅनिक आम्लाच्या द्रावणात टोन करायचा, म्हणजे त्याची छटा बदलायची असेल, किंवा सायनोटाइपवर गम बायक्रोमेटचे (डिंक आणि रंगद्रव्य वापरणाऱ्या दुसऱ्या छपाईपद्धतीचे) थर चढवायचे असतील, तरच त्याचा विचार करावा. त्यासाठी तुरटी पुरते: जिलेटिनच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के तुरटी थोड्या गरम पाण्यात वेगळी विरघळवून शेवटी ढवळत घालावी. तुरटी आम्लधर्मी असल्याने निळ्याला मानवते, पण कागदाच्या दीर्घायुष्याला तितकीशी नाही, त्यामुळे प्रमाण वाढवू नये. फॉर्माल्डिहाइड हा कर्करोगकारक पदार्थ आहे; घरात त्याचा विचारही करू नये. ग्लायॉक्झल चांगले काम करते, परंतु ते नीट धुतले गेले नाही तर कागद पुढे पिवळा पडतो. गमचे काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट करावी: कागद सर्वांत आधी ५० ते ६० अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवून आकसून घ्यावा, नाहीतर प्रत्येक धुण्यानंतर कागदाचे माप बदलते आणि निगेटिव्ह पुन्हा जुळत नाही. एकाच छापाच्या सायनोटाइपला या पायरीची गरज नाही. आम्लाच्या भिजण्यातच कागद बराचसा आकसलेला असतो.

स्टार्चपैकी आरारूट मला आवडते. त्याचा पृष्ठभाग जिलेटिनपेक्षा कोरडा, निस्तेज दिसतो आणि मऊ, रेखाटनासारख्या चित्राला तो शोभतो. लिटरला २० ग्रॅम आरारूट थोड्या थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतावे, पारदर्शक होईपर्यंत ढवळावे, गाळून घ्यावे आणि कोमट असतानाच रुंद ब्रशने लावावे. ते दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. मिथिल सेल्युलोज अर्धा ते एक टक्का हा तिसरा पर्याय. ते उदासीन असते, किडत नाही आणि नाजूक कागदांना उत्तम. त्याची रीत जिलेटिनच्या उलट आहे: गरम पाण्यात ते विरघळत नाही, फक्त विखुरते, आणि पाणी थंड होत जाते तसे विरघळून दाट होते. अॅक्रिलिक माध्यमे किंवा पांढरा डिंक पातळ करून लावण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. त्यांचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो आणि द्रावण त्यावर थेंबाथेंबांनी गोळा होते.

कोझो किंवा गाम्पीसारख्या जपानी कागदांबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. त्यांत खडू सहसा नसतो, पण खात्री करून घ्यावी. कोझोला खळ नसेल तर तो ओला झाल्यावर स्वतःचे वजन पेलत नाही. त्याला पॉलिएस्टरच्या पारदर्शक पत्र्यावर ठेवून एक टक्का जिलेटिन किंवा मिथिल सेल्युलोज फवाऱ्याने द्यावे आणि धुतानाही त्या पत्र्यासकटच हलवावे. गाम्पी मुळातच घट्ट विणीचा, किंचित तुळतुळीत कागद आहे. त्याला बहुधा काहीच लागत नाही.

तयार कागदावर लेप देताना खळीचा अंदाज पुन्हा एकदा येतो. पारंपरिक कृतीत १०० मिलिलिटर पाण्याला २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या बाटलीत १०० मिलिलिटरला १० ग्रॅम फेरिसायनाइड घेऊन दोन्ही समान मापाने मिसळतात. आठ बाय दहा इंचांच्या चित्राला काचेच्या दांडीने लेप देताना चांगल्या खळीच्या कागदावर दीड ते दोन मिलिलिटर मिश्रण पुरते. याहून बरेच जास्त लागले तर खळ कमी आहे, आणि तेवढेही कागद घेईना, कडेला साचून राहिले तर खळ जास्त आहे. अशा कडक कागदावर पाव टक्का ट्वीन २० (द्रावण पसरायला मदत करणारे द्रव्य) मिसळल्यास द्रावण आत शिरते. ब्रश वापरणार असाल तर लोखंडी कडे असलेला नको. गंजाचे कण लेपात निळे ठिपके उठवतात. लेप लावल्यावर तो आधी चकाकतो आणि मग ती चकाकी एकसारखी मावळते. चकाकी दहा-पंधरा सेकंदांत विझली तर कागद फार शोषक आहे, आणि पाच मिनिटांनंतरही काही ठिकाणी ती तशीच असेल तर तिथे खळ जाड बसली आहे, असे मी समजतो.

छाप धुताना पहिल्या पाण्यात अर्धा ते एक टक्का सायट्रिक आम्ल किंवा थोडे बिनरंगी व्हिनेगर घालावे. जड पाण्याचा अल्कधर्मीपणा त्याने निघतो आणि मधल्या छटाही अधिक टिकतात. त्यानंतर साध्या पाण्यात, पिवळी झाक पूर्ण जाईपर्यंत, पण विनाकारण तासन्‌तास नव्हे, धुवावे. हायड्रोजन पेरॉक्साइडने निळा तत्काळ गडद होतो हे खरे. पण हवेत वाळताना तो एका दिवसात तितकाच गडद होतो, त्यामुळे परीक्षेच्या पट्ट्यांसाठीच मी ते वापरतो.

आम्ल देऊन, खळ देऊन वाळवलेले ताव कोरड्या जागी सपाट ठेवल्यास बराच काळ टिकतात. दमट जागी जिलेटिनला बुरशी धरते, म्हणून एकदम फार साठा करू नये. कोणत्या बाजूला खळ दिली ती ताव वाळण्याआधीच पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवावी. आणि छाप चौकटीत बसवताना मागचा व भोवतीचा पुठ्ठा बफर नसलेला, म्हणजे अल्कधर्मी साठा न घातलेला, मागून घ्यावा. नेहमीच्या अभिलेखीय पुठ्ठ्यातही कागदासारखाच खडू भरलेला असतो, आणि कागदातून काढलेला अल्कधर्मी साठा पुठ्ठ्याच्या रूपाने छापाला पुन्हा चिकटून बसतो.